खोकल्याची वही

वृद्धाश्रम हा शब्द उच्चारला की आपल्या मराठी मनासमोर उभे राहते ते कुटुंबाचे नाटक. मुलगा परदेशात, सासू-सुनेचे पटत नाही, दोन खोल्यांच्या घरात तिसऱ्या पिढीला जागा नाही, आणि मग एके दिवशी आई किंवा वडील एक बॅग आणि देवांचा डबा घेऊन फाटकापाशी उतरतात. या विषयावर आपल्याकडे कथा झाल्या, नाटके झाली, चित्रपट झाले. परिसंवाद तर होतच असतात. आई-वडिलांना तिथे ठेवणे योग्य की अयोग्य, यावर आपण इतकी वर्षे वाद घातला की, माणूस एकदा तिथे राहायला गेल्यावर पुढे त्याचे काय होते हा प्रश्न मागेच पडला.

वृद्धाश्रम ही नैतिक समस्या आहे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. ती एक इमारत मात्र नक्की आहे. त्या इमारतीत तीस, चाळीस, कधी शंभर म्हातारी माणसे एका छपराखाली राहतात, एका पंगतीला जेवतात, एकाच हॉलमध्ये दूरदर्शनसमोर बसतात, संध्याकाळी एकत्र हरिपाठ म्हणतात आणि एकमेकांनी सोडलेली हवा छातीत घेतात. घरातल्या एका आजोबांना सर्दी झाली तर ती त्या घराची गोष्ट असते. इथे एका आजोबांना सर्दी झाली तर ती चाळीस जणांची गोष्ट होऊ शकते. आणि त्यांच्यातले निम्मे मधुमेहाचे, हृदयाचे किंवा दम्याचे रुग्ण असतात.

मी गेली अनेक वर्षे शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात आठवड्यातून एकदा रुग्ण तपासायला जातो. आश्रम लहान आहे, बेचाळीस खाटांचा, एका सार्वजनिक न्यासाने चालवलेला. तिथे जे शिकलो आणि जगभरच्या अशा संस्थांत गेल्या पंचवीस वर्षांत जे घडले, ते एकत्र ठेवून पाहिले तर एक साधी गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. श्वसनाचा संसर्ग वृद्धाश्रमात शिरतो तेव्हा तो वाजतगाजत येत नाही. तो मोजणाऱ्यालाच दिसतो, आणि बहुतेक ठिकाणी कोणी मोजतच नसते.

तो का दिसत नाही, याचे पहिले कारण म्हाताऱ्या शरीरात आहे. ताप म्हणजे आजार, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. ऐंशीच्या घरात ते मोडते. या वयात शरीराचे नेहमीचे तापमानच कमी असते आणि जंतूंशी लढताना ते चढतेही थोडेच. ज्या आजोबांचे रोजचे तापमान ९६.८ अंश फॅरनहाइट आहे, त्यांचे ९९ झाले तर घरातले म्हणतील, 'काही नाही, थोडी कणकण आहे.' वैद्यकाच्या हिशेबाने तो ताप आहे. वृद्धाश्रमांसाठी अमेरिकेतील संसर्गतज्ज्ञांनी ठरवलेला नियम असा आहे: तोंडात थर्मामीटर धरून एकदाच १०० च्या वर गेले तरी ताप, पुन्हा पुन्हा ९९ च्या वर जात राहिले तरी ताप, आणि त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानाहून दोन अंशांपेक्षा जास्त वाढ झाली तरी ताप. यातला तिसरा नियम सर्वांत उपयोगी आहे, आणि तो वापरायचा तर माणूस बरा असताना त्याचे तापमान किती असते हे आधी कुठेतरी लिहिलेले असावे लागते.

खोकल्याचेही तसेच. छातीत कफ भरला तरी तो बाहेर फेकायला जोर लागतो, आणि तो जोरच वयाने ओसरलेला असतो. म्हणून न्यूमोनियाची सुरुवात अनेकदा खोकल्याने होत नाही. आजी अर्धी भाकरी टाकून उठतात. रोज वर्तमानपत्रासाठी भांडणारे आजोबा आज ते उघडतच नाहीत. कोणी न्हाणीघरात तोल जाऊन पडते, कोणाची गादी ओली होते, कोणी मुलीला बहिणीच्या नावाने हाक मारते. या प्रत्येक गोष्टीला 'वय झालं' हे उत्तर तयार असते, आणि त्या उत्तराआड दोन दिवस जातात. अशा वेळी छातीची उचल घड्याळ लावून मोजावी. मिनिटाला पंचवीस किंवा त्याहून अधिक श्वास असतील तर डॉक्टरला फोन करायला उशीर करू नये. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र कोविडनंतर घरोघरी आले आहे. त्यातला आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या आकड्याहून तीनपेक्षा जास्त उतरला, तरी तीच गोष्ट.

पाश्चात्त्य वैद्यकात न्यूमोनियाला 'म्हाताऱ्यांचा मित्र' म्हणायची एक जुनी रीत होती. फार काळ खितपत न ठेवता तो माणसाला सोडवतो, असा त्यामागचा भाव. आपल्याकडेही 'सुटले बिचारे' असे म्हणतातच. पण एकाच आश्रमात तीन आठवड्यांत सहा जण 'सुटतात' तेव्हा ती सुटका नसते, ती साथ असते. आणि साथ हे नशीब नसून कारणांची साखळी असते.

ती साखळी कशी असते हे जगाला सर्वांत ठसठशीत दिसले ते अमेरिकेत. सिएटल शहराजवळच्या कर्कलंड येथे 'लाइफ केअर सेंटर' नावाचा शुश्रूषा निवास आहे. २०२० च्या फेब्रुवारीत तिथे सुमारे १३० रहिवासी होते. महिन्याच्या मध्यापासून ताप आणि खोकल्याचे रुग्ण वाढू लागले. थंडीचे दिवस, फ्लूचा मोसम. पण फ्लूच्या तपासण्या नकारार्थी येत राहिल्या. २८ फेब्रुवारीला पहिल्या रहिवाशाला कोविड असल्याचे निश्चित झाले. तोवर विषाणू इमारतभर पसरला होता. १८ मार्चपर्यंत या एका केंद्राशी जोडलेले १६७ रुग्ण सापडले: १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटीला आलेली माणसे. त्या १०१ रहिवाशांपैकी ३४ जण दगावले.

नंतर झालेल्या चौकशीत जी कारणे निघाली ती मला फार ओळखीची वाटली. कर्मचारी अंगात दुखणे असताना कामावर येत होते. काही जण एकाहून अधिक ठिकाणी पाळ्या करत होते आणि त्यांच्याबरोबर आजार दुसऱ्या केंद्रांत गेला. मास्क आणि गाउन पुरेसे नव्हते, आणि जे होते ते कसे वापरायचे याचा सराव नव्हता. म्हणजे जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात जे अपुरे पडले ते फार महागडे तंत्रज्ञान नव्हते. अपुरी पडली ती रजा, सराव आणि वेळेवर केलेली नोंद.

त्याच भागातल्या दुसऱ्या एका निवासाने आणखी एक धडा दिला. तिथे एक कर्मचारी आजारी निघाल्यावर लक्षणे असोत वा नसोत, ७६ रहिवाशांची तपासणी झाली. ४८ जणांच्या घशात विषाणू सापडला, आणि त्यांच्यातल्या २७ जणांना नमुना घेतला त्या दिवशी काहीही होत नव्हते. पुढच्या काही दिवसांत त्यांपैकी २४ जणांना लक्षणे आली. कोणी म्हणेल, मग खोकला मोजून उपयोग काय? उपयोग आहे. मोजणी ही धोक्याची घंटा आहे. घंटा वाजल्यावर जो खोकतो आहे त्याचीच नव्हे, तर सगळ्यांची तपासणी करायची, एवढे या अनुभवाने शिकवले. पण घंटाच नसेल तर पुढचे काहीच होत नाही.

आणि प्रत्येक घंटा एकाच शत्रूची नसते. २००५ च्या सप्टेंबरअखेर कॅनडातील टोरोंटो शहरात 'सेव्हन ओक्स' या वृद्धनिवासात माणसे पटापट आजारी पडू लागली. दोनच वर्षांपूर्वी सार्सने हे शहर हादरवले होते, त्यामुळे लोकांना पुन्हा तेच आठवले. सुरुवातीच्या लघवीच्या तपासण्यांतून काही निष्पन्न झाले नाही. अखेर मृतांच्या फुप्फुसांतील नमुन्यांत लिजनेला हा जिवाणू सापडला. तो माणसाकडून माणसाकडे गेलेलाच नव्हता. तो इमारतीच्या वातानुकूलन यंत्रणेच्या शीतक मनोऱ्यातल्या पाण्यात वाढला होता आणि तुषारांतून हवेत येत होता. रहिवासी, कर्मचारी, भेटीला येणारे आणि आसपासचे मिळून १३५ जणांना बाधा झाली, २३ जणांचा मृत्यू झाला. साथ आली की नमुने प्रयोगशाळेत गेलेच पाहिजेत, अंदाजाने औषध देत बसू नये, हे त्या घटनेने शिकवले.

आपल्या छोट्या आश्रमांत असे शीतक मनोरे नसतात. पण वाफेचे मशीन असते. दम्याचे औषध नाकातोंडातून देणारे ते नेब्युलायझर अनेक ठिकाणी एकच असते, मास्कसुद्धा एकच, आणि दोन रुग्णांच्या मध्ये ते नळाच्या पाण्याखाली धरून 'धुतले' जाते. एकाचा कफ दुसऱ्याला आणि नळाच्या पाण्यातले जंतू दोघांना, अशी ती सोय आहे. प्रत्येकाचा मास्क आणि औषधाची वाटी वेगळी ठेवणे, ती उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन कोरडी करणे, याला फारसा खर्च येत नाही. शिवाय आपल्या देशात एक गोष्ट कधीच विसरता येत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर तो 'जुना खोकला' नव्हे. थुंकी क्षयासाठी तपासलीच पाहिजे. आजोबांच्या बिडीच्या खोकल्याआड क्षय लपतो तसा दुसऱ्या कशाआड लपत नाही.

आमच्या आश्रमात वही सुरू झाली ती २०१५ मध्ये. त्या वर्षी महाराष्ट्रात स्वाइन फ्लूची मोठी लाट आली होती. वही म्हणजे दोनशे पानी रजिस्टर. डावीकडे बेचाळीस नावे, त्यापुढे प्रत्येकाचे नेहमीचे तापमान, नेहमीचा ऑक्सिजन आणि मग रोजचे रकाने: ताप, खोकला, जेवण, श्वास आणि 'काही वेगळे वाटले का?' सकाळच्या चहाबरोबर मावशी फेरी मारतात आणि भरतात. सुरुवातीला मला वाटले होते की, शेवटचा रकाना रिकामाच राहील. प्रत्यक्षात तोच सर्वांत बोलका निघाला. सातवी शिकलेल्या मावशींनी त्यात लिहिले होते, 'आजी आज कोणाला ओरडल्या नाहीत.' त्या आजींना दुसऱ्या दिवशी न्यूमोनियाचे निदान झाले.

वहीचा नियम एकच. बहात्तर तासांत दोन जणांपुढे लाल खूण झाली की फोन करायचा. कार्यवाहांना विचारायला थांबायचे नाही. हा आकडा माझ्या मनचा नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची वृद्धनिवासांसाठी हीच सूचना आहे: तीन दिवसांच्या आत दोघे आजारी पडले की तपासणी करा आणि साथ समजून चाला.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये असा फोन आला. बुधवारी सकाळी बायकांच्या खोलीतल्या एका आजींचे तापमान ९९.२ होते आणि त्यांनी जेवण टाकले होते. गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या आजी खोकू लागल्या. एवढेच. पूर्वी एवढ्यावर कोणी मला बोलावलेही नसते. त्याच रात्री त्या खोलीचे जेवण खोलीतच द्यायला सुरुवात झाली, हरिपाठ व्हरांड्यात नेला, खिडक्या उघडल्या, घशाचे नमुने गेले. स्वाइन फ्लू निघाला. आजाऱ्यांना औषध सुरू केले आणि उरलेल्यांना तेच औषध प्रतिबंधक मात्रेत दिले. तीन आठवड्यांत नऊ जण आजारी पडले, दोघांना रुग्णालयात हलवावे लागले, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका गेल्या. वही नसती तर काय झाले असते हे मी सांगू शकत नाही. न घडलेल्या गोष्टींची मोजदाद करता येत नाही. एवढे मात्र खरे की, बेचाळिसांपैकी तेहतीस जणांना तो आजार झाला नाही.

साथ ओसरल्यावर आम्ही उलटा माग काढला. आजींच्या आधी तीन दिवस रात्रपाळीच्या एका मावशींना ताप होता. त्या तशाच कामावर आल्या होत्या. मी विचारले, ''मावशी, ताप होता तर आलात कशाला?'' त्या म्हणाल्या, ''खाडा पडला की चारशे रुपये जातात, डॉक्टर. आणि ब्युरोवाला दुसरी बाई पाठवतो. ती टिकली की माझं काम गेलंच.'' त्या दिवसा दुसऱ्या एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचे करत होत्या, तेही याच कारणासाठी. त्यांना दोष देण्यात काय अर्थ होता? चूक त्या बाईंची नव्हती. ताप आलेल्या माणसाला कामावर यायला लावणाऱ्या हिशेबाची होती.

हा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत मांडला तेव्हा खजिनदार म्हणाले, ''पगारी रजा दिली तर उद्या सगळ्यांनाच ताप येईल.'' शंका अगदीच गैर नव्हती. म्हणून ठरले असे: ताप किंवा खोकला असलेल्या मावशींनी फाटकावर थर्मामीटर लावायचे, घरी जायचे आणि सात दिवसांपर्यंत पगार चालू. वर्षअखेरीस खजिनदारांनीच आकडा वाचून दाखवला. सगळ्या रजांचा मिळून खर्च एका रहिवाशाच्या रुग्णालयाच्या बिलापेक्षा कमी होता. त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे २०२० मध्ये इंग्लंडमध्ये पाच हजारांहून अधिक वृद्धनिवासांची पाहणी झाली. जिथे कर्मचाऱ्यांना आजारपणात पगार मिळत होता तिथे रहिवाशांना कोविड होण्याचे प्रमाण कमी आढळले, आणि जिथे एजन्सीकडून येणाऱ्या बदली माणसांचा वापर जास्त तिथे ते अधिक आढळले. म्हणजे आमच्या खजिनदारांचा हिशेब आणि इंग्लंडचा हिशेब जुळला.

दुसरा उपाय लसीचा. ग्लासगो परिसरातील वृद्धांच्या वीस दीर्घ मुदतीच्या रुग्णालयांत १९९६-९७ च्या हिवाळ्यात एक प्रयोग झाला. निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना फ्लूची लस देऊ केली, निम्म्या ठिकाणी नाही. लस देऊ केलेल्या रुग्णालयांत १३.६ टक्के वृद्ध रुग्ण दगावले, दुसरीकडे २२.४ टक्के. या निष्कर्षावर पुढे बरीच चर्चा झाली, कारण फ्लूची लागण खरोखर तेवढी कमी झाली होती असे प्रयोगशाळेच्या तपासण्यांतून सिद्ध झाले नाही. तरीही, ज्याच्या हातून रोज घास भरवला जातो त्याला लस द्यावी, यात तर्काला न पटण्यासारखे काही नाही.

जपानची हकिकत तर आजी-आजोबा असलेल्या प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे. तिथे अनेक वर्षे शाळकरी मुलांना फ्लूची लस देत. १९७७ मध्ये ती बंधनकारक झाली. १९८७ मध्ये पालकांना नकाराची मुभा मिळाली आणि १९९४ मध्ये हा कार्यक्रम बंद पडला. मुलांची लस थांबली तसे हिवाळ्यातले जादा मृत्यू वाढले, आणि ते प्रामुख्याने वृद्धांचे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा अंदाज बांधला की, मुलांच्या लसीकरणामुळे दर वर्षी ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते. अंदाज थोडा इकडे-तिकडे धरला तरी मुद्दा उरतोच. नातवाला दिलेली लस आजोबांनाही राखते.

याउलट हाँगकाँगचे. २००३ च्या सार्सनंतर त्यांनी वृद्धनिवासांत संसर्ग नियंत्रणासाठी जबाबदार अधिकारी नेमायची पद्धत घातली, आणि कोविडची पहिली दोन वर्षे बरीच सांभाळूनही नेली. पण ऐंशी वर्षांवरच्यांचे लसीकरण फार मागे राहिले होते. २०२२ च्या सुरुवातीला ओमायक्रॉन आला आणि वृद्धनिवास अक्षरशः कोसळले. मृतांमध्ये लस न घेतलेल्या वृद्धांचा भरणा मोठा होता. नोंद, शिस्त आणि लस या तिन्ही भिंती लागतात. दोनच असतील तर तिसऱ्या बाजूने वारा आत येतो. लस घेतली म्हणजे वही बंद करावी असेही नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ठाणे जिल्ह्यातील एका वृद्धाश्रमात साठाहून अधिक जणांना कोविड झाला. त्यांतल्या बहुतेकांनी लस घेतलेली होती.

आपल्याकडे फ्लूच्या लसीच्या वेळेचा घोळ होतो. युरोप-अमेरिकेत ती हिवाळ्याआधी घेतात, म्हणून आपणही दिवाळीच्या सुमारास आठवण काढतो. पुणे आणि नागपूरसह देशातल्या अनेक शहरांत फ्लूचा जोर जुलै ते सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसाळ्यात असतो. लशीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून महाराष्ट्रातल्या आश्रमांनी एप्रिल-मे महिन्यांत, लोणच्याच्या कैऱ्या येतात तेव्हा, लसीचे काम उरकावे. न्यूमोनियाच्या लसीबद्दलही त्याच वेळी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट हवा आणि तोंड. थंडी बाधेल या भीतीने आपण म्हाताऱ्यांच्या खोल्या कोंदट करून टाकतो. रुग्णाच्या खोलीतली हवा बाहेरच्या हवेइतकी स्वच्छ असावी, पण त्याला गारठा लागू नये, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या आणि अंगावर शाल, हा त्यावरचा उपाय. खाटांचे उशाकडचे टोक एक सोडून एक उलटे केले तरी शेजाऱ्याचा खोकला थेट तोंडावर येत नाही.

तोंडाचे म्हणाल तर, म्हाताऱ्यांचा न्यूमोनिया पुष्कळदा बाहेरून येतच नाही. झोपेत लाळेचा थेंब श्वासनलिकेत उतरतो आणि तोंडातले जंतू फुप्फुसात जातात. जपानमधील अकरा शुश्रूषागृहांत दोन वर्षे एक प्रयोग झाला. काही रहिवाशांचे तोंड प्रत्येक जेवणानंतर काळजीपूर्वक घासले गेले, उरलेल्यांचे नेहमीसारखेच चालू राहिले. पहिल्या गटात ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, दुसऱ्यात १९ टक्के. नंतरच्या सगळ्याच चाचण्यांत फरक एवढा ठळक दिसला नाही. पण रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवण्याने कोणाचे काही बिघडत नाही. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवे होऊ देऊ नये, एवढेही पाळावे.

आता सर्वांत अवघड भाग. साथ आली की सर्वांत सोपा उपाय म्हणजे फाटक बंद करणे. २०२० मध्ये जगभर ते झाले. महिनोन्महिने माणसांनी आपल्या आई-वडिलांना काचेतून पाहिले. स्मृती गेलेल्या आजींना हे का चालले आहे ते कळत नव्हते. एवढेच कळत होते की, मुलगी येत नाही. आणि गंमत अशी की, भेटीला येणाऱ्यांना दार बंद करणाऱ्या इंग्लंडमध्येच त्या वर्षी रुग्णालयांतून वृद्धांना तपासणीविना वृद्धनिवासांत पाठवले गेले. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवले. म्हणजे पुढचे दार बंद होते आणि मागचे उघडे.

माझ्या मते भेट हे औषध आहे, आणि औषधासारखेच ते मात्रेत द्यायला हवे; बंद करून टाकायला नको. नेदरलँड्समध्ये २०२० च्या मे महिन्यात २६ वृद्धनिवासांत प्रत्येक रहिवाशामागे एका ठरावीक माणसाला मास्क आणि अंतराच्या नियमांसह भेटीला परवानगी दिली. त्या प्रयोगाच्या काळात भेटींमुळे नवी लागण आढळली नाही. आम्हीही तेच केले आहे. साथीच्या दिवसांत प्रत्येकाचा एक माणूस, अंगणात, मास्क लावून, अर्धा तास. जो शेवटच्या घटकेला आहे त्याच्याकडे मात्र घरच्यांना कधीच अडवायचे नाही. त्या शिक्षिकेच्या मुलीला आम्ही गाउन आणि मास्क देऊन आत पाठवले होते. पाच जणांना वाचवण्यासाठी सहाव्याला एकट्याने मरू द्यायचे, असा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही.

आई-वडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीचा कायदा २००७ मध्ये झाला. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांची सोय असणाऱ्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. खाटांचा आकडा कायद्याने सांगितला, हे चांगलेच झाले. पण दीडशे माणसे एका इमारतीत आणायची म्हणजे दीडशे छात्यांची नोंद ठेवायची जबाबदारीही आलीच. देशात २००४ पासून रोगसर्वेक्षणाची यंत्रणा आहे. तिच्याकडे माहिती जाते ती आरोग्यसेवक, डॉक्टर आणि प्रयोगशाळा यांच्याकडून. आश्रमातली वही या साखळीला जोडता येईल, पण त्यासाठी आधी वही असायला हवी.

शासनाने काय करावे याची यादी लांबवता येईल. पण हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकांवर आज ना उद्या वृद्धाश्रम पाहायला जाण्याची वेळ येणार आहे, आई-वडिलांसाठी नाही तर स्वतःसाठी. तेव्हा आपण काय विचारतो? अनामत किती, जेवणात काय, संडास कमोडचा आहे का, देऊळ जवळ आहे का. सगळे प्रश्न बरोबर आहेत. त्यांच्या जोडीला आणखी चार विचारावेत. इथे रोजची नोंद कोण लिहिते आणि ती मला दाखवाल का? दोघांना ताप आला तर कोणाला, किती वेळात फोन जातो? इथल्या मावशींना लस दिली आहे का? आणि मावशींना ताप आला तर त्यांचा पगार कापता का?

शेवटचा प्रश्न ऐकून कार्यालयातले गृहस्थ थोडे चमकतील. हा त्यांचा अंतर्गत मामला आहे, असेही म्हणतील. तसे म्हणाले तरी आपण उत्तराची वाट पाहत खुर्चीवर बसून राहावे. आपल्या आईला रोज रात्री कुशीवर वळवणारा हात त्या मावशींचाच असणार आहे.